चहा कुणाचा ते सोडा, कट्टा कुठं गेला?

बहिणीकडे सनीव्हेलला पहिल्यांदा गेलो तेव्हा भाची शाळेत होती. एका शुक्रवारी रात्री साडेनऊला तिनं विचारलं, "मामा, बोबा प्यायला येतोस?" कॅलिफोर्नियातल्या उपनगरात रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं हे मी तोवर पाहून घेतलं होतं. त्यामुळे साडेनऊला ही पोरगी कुठं नेते याची उत्सुकता होती. दहा मिनिटांवर एका ओळीत सात-आठ दुकानं होती. पैकी केशकर्तनालय, टॅक्स भरून देणारा आणि व्हिएतनामी खानावळ बंद झालेली. एकच दिवा चालू होता तो चहाच्या दुकानाचा, आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती.

सगळी सोळा ते वीसची पोरं. एका टेबलावर पत्ते, दुसऱ्यावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, तिसऱ्यावर कॅल्क्युलसची वही उघडी आणि वहीवर ग्लासाचं ओलं वर्तुळ. आम्ही सहा जण होतो आणि चहा तीनच घेतले. अडीच तास बसलो. गल्ल्यावर एक पन्नाशीची तैवानी बाई होती, तिला सगळी पोरं आंटी म्हणत. आपल्याकडच्या हॉटेलात कप रिकामा झाला की पोऱ्या येऊन फडकं मारतो आणि "अजून काही?" असं अशा आवाजात विचारतो की माणूस उठतोच. या बाईनं अडीच तासांत आमच्या टेबलाकडे एकदाही फडकं आणलं नाही. भाचीच्या मैत्रिणीचे वडील उशिरा घ्यायला आले. ते येईपर्यंत आंटीनं शटर अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं, पण दिवा बंद केला नव्हता.

मला तो चहा, म्हणजे बोबा किंवा बबल टी, आवडला नाही, हेही सांगून टाकतो. थंडगार, गोडमिट्ट, आणि जाड नळीतून घोटासरशी तोंडात येणारे ते काळे गोळे. पण तो करताना बघायला मजा आली. टॅपिओकाचे गोळे अर्धा-पाऊण तास उकळायचे, मग झाकून मुरवायचे, मग काळ्या साखरेच्या पाकात टाकायचे. काही तासांत संपले तर ठीक, नाहीतर कडक होतात आणि टाकून द्यावे लागतात. कडक काळा चहा, दूध, बर्फ हे सगळं दारूच्या बारमध्ये असतो तसल्या डब्यात घालून खडखडखडखड हलवायचं. त्यानं वर जो फेस येतो, तोच मुळात नावातला 'बबल'. गोळ्यांचा त्या शब्दाशी संबंध नाही, तो लोकांनी मागाहून लावला. शेवटी ग्लास एका यंत्राखाली सरकवला की त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून चिकटतो, आणि गिऱ्हाईक टोकदार नळीनं तो फट्‌ करून फोडतं. पोरांच्या चेहऱ्यावर त्या 'फट्‌'चा आनंद चहापेक्षा जास्त दिसला.

साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याला दाणा चिकटला की आपल्याकडे करणारीला बोल लागतो. तैवानात गोळा दाताखाली दबून परत उसळला नाही तर बोल लागतो. त्या चिवटपणाला त्यांच्याकडे 'क्यूक्यू' असा लाडाचा शब्द आहे. पदार्थ मात्र तोच. कसाव्याच्या कंदाचं पीठ.

पुन्हा गेलो तेव्हा भाची नोकरीला लागली होती आणि आंटीचं दुकान नव्हतं. त्याच जागेत एका मोठ्या साखळीचं दुकान होतं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका साखळीचा नाही. पांढऱ्या भिंती, डोक्यावर तीन पडदे, फोनवरून आधीच मागवलेल्या ग्लासांची रांग, प्रत्येक ग्लासावर छापील चिठ्ठी: साखर ३० टक्के, बर्फ कमी. चहा खरं सांगायचं तर आंटीच्या चहापेक्षा चांगला होता. पानाचा वास येत होता. पण त्या अख्ख्या दुकानात बूड टेकायला एक स्टूल नव्हतं. लोक येत, ग्लास उचलत, फट्‌ करत, गाडीत बसून जात.

आशियातल्या दुधाच्या चहाची दुकानं जगभर पसरली, यावर गेली काही वर्षं जोरदार वाद चालू आहेत. ते वाद चुकीच्या गोष्टीवर चालले आहेत असं मला वाटतं. भांडण चालू आहे मालकीवर, म्हणजे हा चहा कुणाचा, विकायचा हक्क कुणाला, अस्सल कोणता यावर. आणि तेवढ्या वेळात जी गोष्ट खरोखर गेली, ती म्हणजे बसायची जागा, तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

मालकीचं आधी पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडातल्या 'ड्रॅगन्स डेन' या कार्यक्रमात क्वेबेकचे दोघे जण बाटलीबंद बबल टी घेऊन आले. गुंतवणूकदारांपुढे त्यांनी १० लाख डॉलर मागितले. बोलण्याच्या ओघात त्यांनी असं सुचवलं की हे लोकप्रिय पेय आहे खरं, पण त्यात नक्की काय असतं याची खात्री नसते, आणि आम्ही ते सुधारलं आहे. पाहुणा गुंतवणूकदार म्हणून बसलेला चिनी वंशाचा कॅनेडियन अभिनेता सिमू लिऊ तिथं अडला. ज्यांचं हे पेय आहे त्यांचा तुमच्या धंद्यात वाटा काय, असा त्याचा सवाल होता. गुंतवणूकदारांपैकी मनजीत मिन्हास यांनी आधी पैसे देऊ केले होते, पण कार्यक्रम दाखवल्यावर गदारोळ झाला तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. क्वेबेकच्या त्या दोघांना धमक्याही आल्या. तेव्हा 'हे थांबवा' असं लिऊलाच सांगावं लागलं.

लिऊचं निम्मं बरोबर होतं. 'आत काय असतं कुणास ठाऊक' हे वाक्य निरागस नाही. ज्याच्या घरच्या डब्याला शाळेत नाकं मुरडली गेली आहेत त्याला ते कुठं लागतं हे वेगळं सांगायला नको. आपल्या कित्येक पोरांनी परदेशात मेथीच्या पराठ्याचा डबा बाकाखाली लपवून खाल्ला आहे. पण अपमान झाला ही एक तक्रार आणि आमची वस्तू चोरली ही दुसरी. लिऊनं दोन्ही एकाच दमात केल्या, आणि दुसरी टिकत नाही.

टिकत नाही, कारण या पेयाची मालकी खुद्द तैवानात ठरली नाही. तैनान शहरातल्या हानलिन चहाघराचं म्हणणं असं की १९८६ मध्ये त्यांच्या मालकानं बाजारात पांढरे टॅपिओकाचे गोळे पाहिले आणि चहात टाकले. ताइचुंगच्या चुन शुई तांगचं म्हणणं की त्यांच्याकडच्या लिन श्यू-हुई या बाईंनी १९८८ मध्ये एका बैठकीत गंमत म्हणून आपल्या खाऊतले गोळे थंड चहात ओतले. दोघे कोर्टात गेले आणि दहा वर्षं भांडले. २०१९ मध्ये निकाल लागला तो असा की हे कुणाचं पेटंट नाही, कुणीही करावं, तेव्हा पहिला कोण हे ठरवायचं कारणच नाही. या लाटेतली सगळ्यात शहाणी गोष्ट मला हा निकाल वाटतो. दोघांपैकी एकाला हक्क मिळाला असता तर सनीव्हेलच्या आंटीला दुकान काढण्याआधी रॉयल्टीचा कागद शोधावा लागला असता.

आणि ग्लासात काय काय आहे ते तरी बघा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो जहाजांवर घालून जगभर नेला. त्यांनीच तो आपल्याकडे मलबारात आणला, पुढं त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० च्या सुमारास गरिबाचं अन्न म्हणून त्याच्या लागवडीला जोर दिला. दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून येणारा साबुदाणा थांबला तेव्हा तमिळनाडूत सेलमला टॅपिओकापासून तो करण्याचा धंदा उभा राहिला, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर उपास करणारा महाराष्ट्र. म्हणजे ब्राझीलचा कंद, मलायाचं नाव (सागू हे तिथल्या ताडासारख्या झाडाचं नाव), तमिळ कारखाना आणि आपली आषाढी एकादशी. याला 'आमचं' म्हणायला आपली जीभ कधी अडखळली नाही, आणि अडखळायचं कारणही नाही.

चहाचंही तेच. तैवानातल्या सन-मून तळ्याच्या काठी जो काळा चहा होतो त्याचं बी जपानी राजवटीत, १९२० च्या दशकात, आसामहून नेलं होतं. दुधाची सवय गोऱ्यांनी लावली. 'बोबा' हा शब्द तर चिनी बोलीत बायकांच्या भरल्या छातीवरून केलेली चावट गंमत आहे. एरवी घरात एक वावगा शब्द चालू न देणाऱ्या आया तो काउंटरवर खणखणीत आवाजात उच्चारतात, तेव्हा मला आपलं उगाच हसू येतं.

असल्या भेसळीला सातबारा नसतो. नव्हता म्हणूनच ती चालली. १९९० च्या दशकात तैवानी कुटुंबं लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गेब्रियल खोऱ्यात आणि कूपर्टिनो-सॅन होजे पट्ट्यात स्थिरावली. त्यांच्यातल्या काहींनी चहाची दुकानं काढली. ती चालली ती चवीच्या जोरावर कमी आणि एका साध्या हिशोबावर जास्त. एकविसाच्या आतल्या पोरांना बार बंद. मॉलला रात्री कुलूप. घरी आई-बाप आणि दोन खोल्यांचं अपार्टमेंट. दोन-तीन डॉलरमध्ये मध्यरात्रीपर्यंत बसता येईल, दारू नसल्यामुळे आई नको म्हणणार नाही, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच दिसणारी पोरं असतील, अशी दुसरी जागा नव्हती. चिनी, व्हिएतनामी, कोरियन, फिलिपिनो, पुढं आपली भारतीय पोरं, सगळी तिथं आली. पुढं ट्विटरवर 'बोबा लिबरल' अशी शिवीही निघाली. आशियाई असणं म्हणजे बोबा पिणं इतकीच ज्यांची अस्मिता, त्यांना ती उद्देशून होती. शिवी खोचक आहे आणि अगदीच चुकीची नाही. पण ती देणाऱ्यांना एक दिसलं नाही. ती पोरं ग्लासाभोवती जमली नव्हती, टेबलाभोवती जमली होती.

आपला माणूस हे ओळखेल, कारण आपलाही दुधाचा चहा असाच बाहेर पडला. मलेशिया-सिंगापूरचा 'तेह तारीक', दोन भांड्यांतून हातभर उंचीवरून ओढून फेसाळवलेला चहा, तमिळ मुसलमानांच्या टपऱ्यांतून आला. त्यांना तिथं 'मामाक' म्हणतात, रात्रभर उघड्या असतात आणि फुटबॉलचा सामना बघायला अख्खी गल्ली तिथं येऊन बसते. रंगूनच्या चहाच्या दुकानांत गुडघ्याएवढ्या स्टुलांवर बसून दुधाचा चहा पितात, त्या दुकानांवरही ब्रिटिश काळात तिकडं गेलेल्या हिंदी लोकांची छाप आहे. दोहा-दुबईत मलबारी कॅफेटेरियांनी 'करक' रुजवला. नाव आपल्या ओळखीचं आहे ना? 'कडक'च तो, जाताना जरा मऊ झाला. आज कतारी माणूस त्याला आपलं राष्ट्रीय पेय समजतो. कुणी केरळचा माणूस कोर्टात गेल्याचं ऐकलं नाही.

करकचं मात्र एक वेगळं आहे. तिथं लोक गाडी दुकानासमोर आणतात, हॉर्न वाजवतात आणि पोऱ्या धावत येऊन काचेतून कागदी कप देतो. उकाडा इतका की बाहेर बाक टाकून उपयोग नाही. म्हणजे बसायची जागा नसलेला चहा ही चिनी साखळ्यांची करणी नाही, हे मला मान्य करावं लागतं. सिंगापुरातही २१ एप्रिल २०२० च्या संध्याकाळी, टाळेबंदीत आज रात्रीपासून बबल टीची दुकानं बंद होणार असं कळल्यावर, लोकांनी रांगा लावल्या त्या काही बसण्यासाठी नव्हत्या. शेवटचा ग्लास हवा होता. चवीची ओढ असतेच. जिभेला मी कमी लेखत नाही.

पण आता जे चाललं आहे त्याचं गणित वेगळं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मिश्वे हे नाव घ्या. १९९७ मध्ये चीनच्या चंगचौ शहरात एका विद्यार्थ्यानं बर्फाच्या गोळ्याची गाडी टाकली, तिथून ही साखळी निघाली. २०२४ अखेर तिची ४५ हजारांहून अधिक दुकानं झाली. दुकानांच्या संख्येत तिनं मॅक्डोनाल्ड्सला मागं टाकलं. मार्च २०२५ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात ती उतरली. चीनमध्ये तिचं लिंबूपाणी ४ युआनला, म्हणजे आपल्या पन्नास रुपयांच्या आतबाहेर. यातली बहुतेक सगळी दुकानं कंपनीची नाहीत, फ्रँचायझी घेणाऱ्यांची आहेत. आणि कंपनीच्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग येतो तो या फ्रँचायझीवाल्यांना पावडर, पाक, ग्लास, नळ्या आणि यंत्रं विकून. थोडक्यात, ही कंपनी चहा विकतच नाही. चहावाल्यांना विकते.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. दुकानात किती जण किती वेळ बसले याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही, पाकाचे किती डबे उचलले गेले याच्याशी आहे. त्यामुळे तिचा फायदा दुकानं वाढण्यात. एका गल्लीत दोन झाली तर भांडण त्या दोन दुकानदारांचं. इंडोनेशियात ती इतक्या झपाट्यानं पसरली की तिथल्या लोकांनी विनोद केला: मिश्वे म्हणजे रिकाम्या गाळ्यांची नोंद ठेवणारा देवदूत. गाळा रिकामा झाला रे झाला की हा हजर. हसायला येतं, पण त्या विनोदात गाळा आधी रिकामा का झाला आणि तिथं काय होतं हे येत नाही.

दुकानदार या गणितात किती अडकतो याचा एक धडा मलेशियात २०१७ मध्ये मिळाला. चाटाइम या तैवानी साखळीचा तिथला मुख्य फ्रँचायझीदार होता ब्रायन लू. माल कुठून घ्यायचा आणि हिशोब यांवरून मूळ कंपनीशी त्याचं फाटलं, करार संपवला गेला, आणि या पठ्ठ्यानं जवळजवळ सगळ्या, म्हणजे १६५ पैकी १६१ दुकानांवरची पाटी बदलून 'टीलाइव्ह' नाव लावलं. पाटी बदलली तरी गिऱ्हाईक आलं. ते पाटीसाठी येत नव्हतं, हे त्यातून सिद्ध झालं. पण असं करायला हाताशी दीडशे दुकानं लागतात. ज्यानं निवृत्तीचे पैसे घालून एक दुकान काढलं आहे त्याला माल महाग पडला तरी गप्प बसावं लागतं.

मालकीच्या वादाचं राजकारणही असंच उलटतं. एप्रिल २०२० मध्ये थायलंड, हाँगकाँग आणि तैवानच्या पोरांनी 'मिल्क टी अलायन्स' म्हणून ऑनलाइन एकजूट केली, पुढं म्यानमारची पोरं तीत आली. खूण साधी होती. आमच्याकडे चहात दूध असतं, बीजिंगवाल्यांच्या परंपरेत नसतं. आता त्याच बीजिंगच्या मुलखातल्या साखळ्या जगात सर्वांत जास्त दुधाचा चहा विकतात. आणि तैवानी साखळ्यांची अवस्था अशी की चीनमधला धंदा सांभाळायला ऑगस्ट २०१९ मध्ये यीफांग या तैवानी साखळीच्या नावे तिथं चीनच्या 'एक देश, दोन व्यवस्था' या धोरणाला पाठिंब्याचं निवेदन निघालं, आणि घरच्या लोकांनी तिच्यावर बहिष्काराची हाक दिली. ग्लासावर झेंडा चिकटवला की असं होतं. सर्वांत मोठा कारखाना ज्याचा, झेंडाही त्याचाच होऊन बसतो.

आता माझ्यावर उलटायचे मुद्दे. पहिला: बसण्याचं कौतुक तुम्हाला, भाडं दुकानदाराला. आंटीचं दुकान बंद का झालं ते मी भाचीकडून काढून घेतलं. भाडेकरार संपला, नवं भाडं तिला झेपलं नाही, आणि तिचा स्वतःचा मुलगा डेटा कंपनीत होता, त्याला दुकान नको होतं. साखळीनं तिला हाकललं नाही. साखळी नंतर आली. सहा पोरांनी तीन चहांवर अडीच तास टेबल अडवणं हा धंदा नाही, हे मलाही कळतं. ती बाई आम्हाला अडीच तास फुकट बसू देत होती, आणि ते पैसे तिच्याच खिशातून जात होते.

दुसरा मुद्दा साखरेचा. बसण्याच्या जागेच्या नावाखाली पोरांना साखर पाजायची का? सिंगापूरनं ३० डिसेंबर २०२३ पासून दुकानात ताज्या बनवलेल्या पेयांनाही अ ते ड अशी साखरेची प्रतवारी लागू केली. चांगलंच केलं. १०० मिलीलीटरमध्ये १० ग्रॅमहून जास्त साखर असली की पाटीवर 'ड' लिहायचा, शिवाय जाहिरात करायला बंदी. भीती घालण्यापेक्षा हे बरं. २०१२ मध्ये जर्मनीत आखेनच्या संशोधकांनी गोळ्यांत घातक द्रव्यं सापडल्याचं सांगितलं, पुढं त्या चाचण्यांवर प्रश्न उभे राहिले, पण तोवर वर्षभरात शेकड्यांनी उघडलेली दुकानं पटापटा मिटली होती. साखर मात्र खरी आहे आणि तिला पाटी हवीच.

पण सिंगापूरनं आणखी एक केलं आहे, आणि माझा खरा रोख तिकडं आहे. तिथं रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना सरकारनं बांधलेल्या हॉकर सेंटरांत आणलं, छप्पर सरकारचं, पंखा सरकारचा, टेबल-खुर्च्या सरकारच्या. तशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं त्या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. तिथं तेह तारीक पिणारा माणूस चहावाल्याच्या खुर्चीत बसत नाही, शहराच्या खुर्चीत बसतो. एका तैवानी बाईच्या चांगुलपणावर जे टेकलेलं होतं ते इथं नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बसतं. गाळ्यांच्या ओळी बांधणाऱ्या मालकाला पार्किंगची अमुक इतकी जागा सोडायची सक्ती अमेरिकेतली शहरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. दर दहा गाड्यांच्या जागेमागं एका बाकाची सक्ती करायला कुणाची हरकत असावी? गाडीला बसायला जागा कायद्यानं मिळते. गाडीतून उतरलेल्या पोराला नाही.

आणि धंद्यालाही हे कळत नाही असं नाही. स्टारबक्सनं वर्षानुवर्षं 'घर आणि ऑफिस यांच्यामधली जागा' हेच विकलं. मग नुसती घेऊन जाण्याची दुकानं काढून पाहिली, आणि २०२५ मध्ये ती गुंडाळून पुन्हा खुर्च्या वाढवण्याची भाषा सुरू केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मात्र, काही विकत न घेता बसायची २०१८ पासूनची मुभा काढूनही घेतली. म्हणजे बसणं परत आलं, पण तिकीट लावून. कंपनीच्या हातात कट्टा दिला की तो कट्टा असाच येतो.

पुण्याचा माणूस आहे, तेव्हा घरचंही पाहतो. जुनं अमृततुल्य राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी चालवलं, तेही परगावाहून येऊन. पितळी पातेलं, आलं-वेलदोडा कुटण्याचा आवाज, फडक्यातून पिळून गाळलेला चहा आणि भिंतीला टेकून लाकडी बाक. त्या बाकावर रद्दीवाला आणि प्राध्यापक मांडीला मांडी लावून बसत. गेल्या दहा वर्षांत अमृततुल्य ही पाटी गावोगाव फ्रँचायझीनं गेली. तालुक्याच्या पोराला रोजगार मिळाला, चहाही एकसारखा मिळतो, याला मी नावं ठेवणार नाही. पण त्यातल्या किती दुकानांत बाक आहे ते येता-जाता मोजून पाहा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नाही. लोक कप हातात घेऊन लावलेल्या दुचाकींच्या सीटवर बसतात.

सनीव्हेलला त्या नव्या दुकानातून ग्लास घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी व्हॅन उलटी लावलेली, डिकी वर उघडलेली. आत सतरंजी पसरून तीन पोरं बसली होती, एक मुलगी खाली डांबरावर, पाठ चाकाला टेकून. मधे ते लाकडी ठोकळे. गाडी जरा हलली की मनोरा पडत होता, ते पुन्हा रचत होते. भाची म्हणाली, अकराला सुरक्षारक्षक येतो आणि सगळ्यांना घरी पाठवतो. मी घड्याळ पाहिलं. एक तास होता अजून.